पावतीपुरते धावणे

सत्कार्याला हातभार लावायचा असेल तर पाकीट काढावे आणि मोकळे व्हावे, अशी माझी समजूत होती. परंतु माझ्या मित्राच्या मते नुसते पैसे देणे हा आळशी माणसाचा परोपकार असून स्वतः धावून दुसऱ्यांच्या खिशातून पैसे काढणे हाच खरा परोपकार होय. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण शर्यतीबरोबरच हौशी मंडळींसाठी सुमारे ६ किलोमीटरची ‘ड्रीम रन’ असते. अंध मुलांच्या एका संस्थेसाठी त्याने तीत माझे नाव परस्पर नोंदवून टाकले.

धावणे पुढे होते. आधी दारोदार हिंडणे आले. गणपतीच्या वर्गणीत निदान प्रसादाची आशा असते. आमच्याकडे दाखवण्यासारखी फक्त पोटे होती. “पैसे मुलांना द्यायचेत, मग धावायचं तुम्ही कशाला?” हा तळमजल्यावरच्या काकूंचा प्रश्न मला तरी बिनतोड वाटला. दुसऱ्या मजल्यावरच्या सीए साहेबांनी चहाबरोबर कायदाही पाजला: देणगीवर प्राप्तिकरात वजावट हवी असेल तर २,००० रुपयांहून अधिक रोख देऊन उपयोग नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ती मुळीच मिळत नाही. हे ऐकताच त्यांच्या मेव्हण्यांनी, आपण नवी प्रणाली घेतल्याचा आनंद लपवीत, अर्धवट बाहेर आलेले पाकीट पुन्हा आत सरकवले. साहेबांनी मात्र नेमके २,००० रुपये मोजून दिले आणि बजावले, “धावतानाचा फोटो पाहिजे हं. चालतानाचा चालणार नाही.”

शर्यतीच्या पहाटे लोकलमध्ये मित्राने छातीवरचा क्रमांक सेफ्टी पिनांनी इतका पक्का केला की एक पीन बनियन ओलांडून पुढे गेली. दर दीर्घ श्वासाला तो ‘स्स’ करी, आणि समोरचे गृहस्थ त्याला प्राणायाम समजून मन लावून अनुकरण करीत.

सीएसएमटीहून सुटल्यावर धावण्याची इच्छा असती तरी जागा नव्हती. पुढे नऊवारीतल्या आजींचा घोळका, मागे लेझीम, बाजूला घामाने मिश्या सुटू लागलेले मावळे. सकाळी नऊला दादरच्या पुलावर गर्दी जशी सरकते, तसे आम्ही सरकत होतो. मरीन ड्राइव्हला संस्थेचा फलक वाऱ्याने असा भरला की मित्र काही पावले खरोखर धावला, पण समुद्राच्या दिशेने, आणि त्याला आवरण्याच्या गडबडीत फोटो राहून गेला.

शेवटची रेषा ओलांडल्यावर त्याला अटीची आठवण झाली. “अरे, साहेबांना काय दाखवायचं?” मग एका पोलीसदादांच्या हाती मोबाइल देऊन आम्ही वीसेक पावले जिवाच्या आकांताने पळालो. फोटो झकास आला; दोघांचेही पाय जमिनीवर नव्हते.

साहेबांनी तो मोठा करून बराच वेळ न्याहाळला आणि चष्मा वर सरकवीत विचारले, “मागचे सगळे लोक उलट दिशेला का चाललेत?”