प्लेटोची परीक्षा हवी, व्रत नको

निवडणूक जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर उमेदवाराला शिक्षणाची अट असावी की नसावी, हा वाद हमखास पेटतो. अट हवी म्हणणारे हरियाणाचा दाखला देतात. तिथे पंचायतीला उभे राहण्यासाठी खुल्या गटातील पुरुषांना दहावी उत्तीर्ण असण्याची सक्ती करणारा कायदा २०१५ मध्ये झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी वैध ठरवला. मग कोणीतरी प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोला साक्षीला बोलावतो: राज्य जाणत्यांनीच करावे, असे त्याचे म्हणणे.

अथेन्समध्ये राहून ही साक्ष मला अर्धवट वाटते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथातला राज्यकर्ता गणित, तत्त्वचर्चा आणि प्रत्यक्ष कारभार यांत मुरून पन्नाशीला सत्तेवर येतो, पण त्याला स्वतःचे घर, सोने-चांदी, इतकेच काय, स्वतःचे म्हणावे असे कुटुंबही ठेवता येत नाही. आमच्या पदवीधरांना प्लेटोची परीक्षा हवी आहे, त्याचे व्रत नको आहे.

ज्या लोकशाहीवर प्लेटो चिडला होता तिचा अवशेष इथल्या अगोरा (प्राचीन चौक) संग्रहालयात आहे: बारीक खाचांच्या ओळी कोरलेला संगमरवरी दगड. या खाचांत नागरिकांच्या नावांच्या पट्ट्या खोवत आणि बाजूच्या नळीतून काळी-पांढरी गोटी पडेल त्यावरून ओळच्या ओळ निवडली जाई किंवा बाद होई. पाचशेंची सभाही चिठ्ठीनेच निवडत. सेनापती मात्र मतदानाने, कारण युद्धाचे कसब चिठ्ठीवर सोडण्याइतके अथेन्सकर भोळे नव्हते. याच शहराने इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला, तेव्हा त्याच्या शिष्याचा, म्हणजे प्लेटोचा, राग समजण्यासारखा आहे.

मला पटतो तो प्लेटोचाच शिष्य ॲरिस्टॉटल. जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला अधिक, असे तो म्हणतो, कारभाराचेही तसेच. गंमत अशी की स्तागिराहून आलेला हा माणूस अथेन्समध्ये परकाच होता, त्याला इथे मताचा अधिकार नव्हता. मीही इथे कर भरतो, पण संसदेसाठी मत देऊ शकत नाही, आणि भारतात मत द्यायचे तर स्वतः मतदान केंद्रावर हजर राहावे लागते. दोन पदव्यांचा मला त्यात काडीचा उपयोग होत नाही.

हरियाणाच्या कायद्याने खुल्या गटातील महिलांसाठी अट आठवीवर आणि पंचपदासाठी उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातींच्या महिलांसाठी पाचवीवर आणली. म्हणजे शाळा कोणापर्यंत पोचली नाही हे कायदा करणाऱ्यांना नेमके ठाऊक होते; तरीही त्याचा जाब शाळा चालवणाऱ्या सरकारला नव्हे, तर शाळा न मिळालेल्या बाईलाच विचारला गेला.