गाडीचं कण्हणं

गाडीतला आवाज जिथून निघतो तिथून कधीच ऐकू येत नाही. तो बॉनेटखालच्या एखाद्या कोपऱ्यात जन्माला येतो, पाइप धरून, पत्रा पकडून, स्टेअरिंगच्या दांड्यावरून वर चढतो आणि डॅशबोर्डमागे बसून कण्हायला लागतो. शेजारी बसलेल्याला तो डाव्या चाकातून येतोय असं वाटतं, मागच्याला डिकीतून. मेकॅनिकला मात्र तो थेट खिशातून येताना ऐकू येतो. माझ्या.

आमची गाडी 2007 सालची. 15 वर्षं भरल्यावर तिला आरटीओत नेऊन पुढच्या 5 वर्षांची मुदत मिळवलेली. या वयात थोडी कुरकुर चालायचीच. मागच्या दाराचा खडखडाट, एसीच्या पंख्याची किरकिर हे घरचेच झालेत. हा आवाज मात्र नवा होता. सरळ रस्त्यावर गाडी अगदी गुणी. पण पार्किंगमधून काढताना स्टेअरिंग वळवलं, की 'गूंऽऽऽ'. जास्त वळवाल तसा वर चढणारा. सकाळी इंजिन गार असताना तर विचारूच नका. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येऊन कोणाकडे काही झालंय का ते बघून जायच्या.

"असं वाटतं रे, आपण कुणाच्या तरी दुखऱ्या पायावरून चाललोय," बायको म्हणाली आणि तिनं भाजीला चालत जायला सुरुवात केली.

सासरे आले होते. त्यांना घेऊन कोथरूड ते सिंहगड रोड असा फेरा झाला. दर चौकात गाडी कण्हायची आणि दर चौकात ते माझ्याकडे बघायचे. शेवटी म्हणाले, "जावईबापू, आमच्या फियाटला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. मनगटं होती." यावर काय बोलणार? प्रीमियर पद्मिनी चालवलेल्या माणसाशी स्टेअरिंगच्या विषयात वाद घालू नये. अमेरिकेतसुद्धा बाजारात विकायच्या मोटारीला हे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, पॉवर स्टेअरिंग पहिल्यांदा मिळालं ते 1951 साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. म्हणजे तोवर तिकडचे जावईही मनगटावरच होते.

प्रकार तसा सोपा आहे. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो छोट्या डब्यातलं तेल ओढतो आणि दाबून खाली स्टेअरिंगच्या रॅकमध्ये, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यात, पाठवतो. तुम्ही बोटानं स्टेअरिंग फिरवता, ढकलायचं काम तेल करतं. टायरमध्ये आपण 32 पीएसआय हवा भरतो. इथे स्टेअरिंग पार टोकाला नेलं की दाब 1000 पीएसआयच्या वर जातो. एवढा दाब पडल्यावर कोणीही कण्हेल, असं माझं मत होतं. पण माझं मत विचारतो कोण.

आधी गेलो एका मोठ्या, एसी वेटिंग रूमवाल्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या मुलानं टॅब काढला, डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडला आणि पाच मिनिटांनी प्रसन्न चेहऱ्यानं सांगितलं, "सर, नो फॉल्ट." या पंपाला तक्रार नोंदवायला वायरच नाही, तो पट्ट्यावर फिरणारा अडाणी जीव, त्यामुळे संगणकाच्या लेखी तो सुखीच असणार. मी स्टेअरिंग वळवून दाखवलं. गूंऽऽऽ. मुलगा म्हणाला, "हां सर, हे आहे. पण फॉल्ट नाहीये." नव्या गाड्यांना विजेच्या मोटरचं स्टेअरिंग असतं, या मुलानं तेलाचा डबा बहुतेक पहिल्यांदाच पाहिला. त्याचा राग नाही. वेटिंग रूममधली कॉफीही बरी होती.

मग आवाज रेकॉर्ड करून मेव्हण्याला पाठवला. तो कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याचं उत्तर आलं, "नुसता तुझाच आवाज येतोय." खरंच होतं. फोननं त्या गूंऽऽऽला पार्श्वभूमीचा गोंगाट समजून साफ पुसून टाकलं होतं. उरलं होतं ते फक्त, "आता ऐक... ऐकलंस?... हां, आता बघ... आलं ना?"

पट्ट्यावर संशय घेणारेही भेटले. त्यांचा निकाल लगेच लागला, चालू इंजिनमध्ये पट्ट्यावर पाण्याचा फवारा मारला आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही. पट्टा किंचाळतो, कण्हत नाही. हे ज्ञान मला आयुष्यभर पुरेल.

पुढचा सल्ला तेल बदलण्याचा. "घरीच करा साहेब, थोडं थोडं. डब्यातलं काढायचं, नवीन टाकायचं, स्टेअरिंग फिरवायचं, परत काढायचं." काढायचं कशानं? तर मोठ्या सिरिंजनं. गेलो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये.

"सगळ्यात मोठी सिरिंज द्या."

"50 एमएल? पेशंटसाठी?"

"हो."

"पेशंट कुठंय?"

"खाली पार्किंगमध्ये."

त्यानं चष्मा वर केला. "सुई कुठली देऊ?"

"सुई नको. तेल काढायचंय."

दुकानात मागे उभ्या असलेल्या बाईंनी त्यांच्या मुलाला जवळ ओढून घेतलं. मी पैसे देऊन निघालो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते ठीक, पण इथे म्हैस नेमकी कोणती तेच ठरलं नव्हतं.

जुनं तेल निघालं ते काढ्याच्या रंगाचं, जळकट वासाचं. नवीन तेल छान लालभडक. गाडी चालू केली, स्टेअरिंग या टोकाचं त्या टोकाला नेलं, खाली उतरून झाकण उघडलं तर लाल तेल गुलाबी झालेलं आणि वर बोटभर फेस. आइस्क्रीमचा एक गोळा सोडला असता तर सदाशिव पेठेत मस्तानी म्हणून खपली असती. मी घाबरून सल्लागाराला फोन लावला. तो म्हणाला, "नवीन आहे साहेब. बसेल." सगळं उत्तर त्या फेसात होतं, पण फेस बघायला कोणाला सवड नव्हती. सगळ्यांची बोटं किमतींकडे. एक म्हणाला पंप गेला, 9 हजार. दुसरा म्हणाला पंप ठणठणीत आहे, रॅक गेली, 25 हजार. रिकंडिशन घेतली तर 14. दोघांनीही गाडीखाली वाकून बघितलं होतं. खाली तेलाचा थेंब नव्हता. म्हणून दोघांनाही खात्री, की गळती नाही.

आतापर्यंत सोसायटीला या आवाजाची सवय झाली होती. आमचा रात्रीचा वॉचमन तर केबिनमधून मान वर न करता, नुसत्या आवाजावरून गेट उघडायचा. रस्त्यावरून आत वळलो की गूंऽऽऽ, आणि गेट हजर.

शेवटी मेव्हण्यानंच भोसरीतला एक म्हातारा गाठून दिला. हा माणूस गाड्यांचा नव्हेच. जेसीबी आणि कारखान्यातल्या प्रेसचं हायड्रॉलिक करतो. गाडी बघून त्याचा चेहरा जरा हिरमुसला, एवढं छोटं काम. त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक पंपाला लावलं, मूठ कानाला दाबली आणि डोळे मिटले. "फिरवा." मी फिरवलं. "राहू द्या." मग तेलाच्या डब्याचं झाकण काढून इंजिन चालू असतानाच आत बघत बसला. बराच वेळ. माझ्या गाडीतला फेस बघणारा तो पहिला माणूस.

"हवा खातीय," तो म्हणाला.

"कुठून? गळत तर कुठंच नाही."

"दाबाच्या बाजूनं भोक पडलं तर तेल बाहेर येतं. ओढायच्या बाजूनं पडलं तर हवा आत जाते. थेंब कसा दिसंल?"

त्यानं मधल्या बोटावर ग्रीसचा गोळा घेतला. डब्यातून पंपाकडे येणारा पाइप जिथे पंपात घुसतो, तिथे तो सांध्याभोवती बोटानं फासला, वेढा पूर्ण होईपर्यंत. मला म्हणाला, "आता फिरवा." मी स्टेअरिंग पार उजवीकडे नेलं. टोकाला जरासं फुसफुसलं, बाकी काही नाही. "ते टोकाचं असतंच, जादा दाबाला वाट मोकळी होते. तिथं जोर लावून धरून बसायचं नाही," असं म्हणत त्यानं ग्रीस पुसलं. गूंऽऽऽ परत आला. इतका आनंद मला तो आवाज ऐकून कधी झाला नव्हता.

पाइप उपसल्यावर आतून एक काळी ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारी रबराची कडी, निघाली. गोल राहिलीच नव्हती, चपटी होऊन कडक झालेली. त्यानं नखात धरून वाकवली आणि ती कट्कन तुटली. मला नाना पेठेत पिटाळलं. तिथे एका दुकानात भिंतभर तारांवर रिंगा ओवलेल्या असतात. दुकानदारानं तुकडा कॅलिपरमध्ये धरला, "पाण्याची का तेलाची?" एवढंच विचारलं आणि नायट्राइल रबरची एक रिंग कागदात बांधून दिली. 30 रुपये. मी सवयीनं विचारलं, ओरिजिनल आहे ना? त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी सुटे पैसेही मागितले नाहीत.

रिंग बसवून म्हाताऱ्यानं पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून मला स्टेअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवायला बसवलं. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येत होती. तो डब्यात बघत "अजून... अजून..." म्हणत राहिला. बंद इंजिनचं पॉवर स्टेअरिंग फिरवताना सासऱ्यांची मनगटं काय चीज होती हे कळतं. मजुरीचं विचारलं तर म्हणाला, "द्या काय ते." याच्याइतकं अवघड बिल मी आजवर भरलेलं नाही.

त्या रात्री घरी आलो. रस्त्यावरून आत वळलो आणि गेट बंदच. थांबलो. हॉर्न दिला. वॉचमन टॉर्च घेऊन बाहेर आला, नोंदवही काखेत. "कुणाकडं जायचंय?"

मी काच खाली केली.

"साहेब, तुम्ही! नवीन गाडी घेतली का?"

मी नाही म्हणेपर्यंत त्यानं गाडीला नमस्कार करून टाकला. सकाळी लिफ्टमध्ये दोन काकांनी अभिनंदन केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी गॅलरीतून विचारलं, "कोणता रंग घेतलास रे?" समजावून सांगायला गेलो असतो तर ओ-रिंगपासून सुरुवात करावी लागली असती. संध्याकाळी अर्धा किलो पेढे आणले. रिंगेपेक्षा बरेच महाग पडले.