क्यूआर कोड काढून कर वाचत नाही

मार्चच्या सुरुवातीला काकांच्या किराणा दुकानात गेले, तर गल्ल्याजवळचा क्यूआर कोडचा स्टिकर खरवडून काढलेला. काका म्हणाले, "अगं, ग्रुपवर मेसेज आलाय. यूपीआय घेतलं की नोटीस येते." मेसेज वाचला. मग तोच आमच्या पेठेतल्या आणखी चार दुकानदारांनी मला पाठवला, कारण त्यांचे हिशेब मी लिहिते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणून छोट्या दुकानदाराने रिटर्न भरू नये. यूपीआयवर आलेला प्रत्येक रुपया सरकार उत्पन्न धरतं, म्हणून रोखच घ्या. उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर कागद ठेवायची गरज नाही. आणि तारीख दरवर्षी वाढतेच, घाई नको. प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात आणि मला त्याचा राग येतो.

आधी बारा लाखांचं. आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, तो आयकर कायद्याच्या कलम 87A च्या 60,000 रुपयांपर्यंतच्या सवलतीमुळे. ही सवलत कर मोजून झाल्यावर वजा होते. रिटर्न भरायचं की नाही, हे ठरवणारी मर्यादा वेगळी आहे, ती 4 लाख. उत्पन्न त्याहून कमी असलं तरी धंद्याची उलाढाल 60 लाखांच्या वर गेली, चालू खात्यात वर्षभरात 1 कोटीहून जास्त जमा झाले किंवा विजेचं बिल वर्षाला 1 लाखाच्या वर गेलं, तर रिटर्न भरावंच लागतं. दुकानात दोन डीप फ्रीझर चालत असतील तर हे वीजबिलाचं आधी तपासा. शिवाय कोणी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापला असेल तर तो परत मिळवायचा मार्गही रिटर्नच आहे.

आता यूपीआय. ही भीती हवेतून आलेली नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या आकड्यांवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला 1 कोटी 63 लाखांच्या व्यवहारांवर 29 लाखांची नोटीस आली, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही. बंगळुरूत दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. माणसं घाबरली, ते स्वाभाविक होतं.

पण यातून मेसेज जो निष्कर्ष काढतो तो चूक आहे. उलाढाल रोखीत झाली म्हणून कमी होत नाही. जीएसटी नोंदणीची मर्यादा, म्हणजे महाराष्ट्रात मालासाठी 40 लाख आणि सेवेसाठी 20 लाख, रोख आणि यूपीआय दोन्ही मिळून मोजली जाते. त्यातल्या अनेक व्यापाऱ्यांची अडचण वाढली ती विक्री आणि घरचे पैसे एकाच खात्यात आल्याने. भावाने पाठवलेले उसने, भिशीचे पैसे, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून वळवलेली रक्कम, सगळं एकाच कोडवर. त्यामुळे दुकानाचं खातं आणि कोड वेगळा ठेवा. काकांना मी एवढंच सांगितलं.

आयकरात तर उलट आहे, यूपीआय घेणाऱ्याला कायदा सूट देतो. आर्थिक वर्ष 2025-26 साठी 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 44AD खाली 2 कोटींपर्यंतच्या उलाढालीवर नफा गृहीत धरता येतो: रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के, यूपीआय, चेक अशा मार्गाने बँकेतून आलेल्यावर किमान 6 टक्के. समजा उलाढाल 1 कोटी 80 लाख आहे. सगळी रोख असेल तर नफा 14 लाख 40 हजार, आणि दुसरं काही उत्पन्न नसेल तर उपकर धरून कर 99,840 रुपये. सगळी बँकेतून आली असेल तर नफा 10 लाख 80 हजार, आणि कर शून्य. स्टिकर खरवडण्याची किंमत लाखाच्या घरात जाते. रोख जमा एकूण जमेच्या 5 टक्क्यांच्या आत असेल तर 2 कोटींची मर्यादा 3 कोटींपर्यंत वाढते. उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतून आले, तर तेही 6 टक्क्यांत बसतात. मार्चमध्ये उधारीची वही घेऊन बसायचं ते यासाठी.

कागद न ठेवण्याचा सल्ला मात्र मला सगळ्यात घातक वाटतो. 44AD हिशेबाच्या वह्या ठेवण्यापासून सूट देतं, हे खरं. पण आयटीआर-4, म्हणजे 44AD वाल्यांचा रिटर्नचा फॉर्म, भरताना देणेकरी, येणेकरी, शिल्लक माल आणि हातातली रोख, हे 31 मार्चचे आकडे विचारले जातात. ते काय अंदाजाने लिहिणार? जीएसटी नोंदणी असेल तर हिशेब ठेवणं त्या कायद्याने बंधनकारक आहेच, आणि जीएसटीतली उलाढाल आयकराच्या वार्षिक माहिती पत्रकात दिसते. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत की प्रश्न येतो. 6 आणि 8 टक्के हा किमान आकडा आहे. 44AD घेतल्यावर नंतरच्या पाच वर्षांत कधी त्याहून कमी नफा दाखवला, तर पुढची पाच वर्षं 44AD चा मार्ग बंद होतो, आणि उत्पन्न 4 लाखांच्या मर्यादेपेक्षा जास्त असलं, तर वह्या आणि ऑडिट दोन्ही लागतं. कमिशन, दलाली किंवा एजन्सीच्या धंद्याला हे कलम लागूच नाही. मोबाईल रिचार्ज आणि एजन्सी एकत्र चालवणाऱ्यांनी हे सीएला नीट विचारावं.

तारखेचं थोडक्यात सांगते. मागच्या वर्षी मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबर आणि नंतर 16 सप्टेंबर 2025 पर्यंत गेली, हे खरं. पण 44AD वाल्याला 10,000 रुपये किंवा जास्त कर लागत असेल तर तो सगळा आगाऊ कर 15 मार्चलाच भरायचा असतो. ती तारीख रिटर्नच्या मुदतीबरोबर पुढे सरकत नाही, आणि उशीर झाला की व्याज लागतं.

काकांकडे वहीपूजन लक्ष्मीपूजनाला होतं, नवी वही तेव्हाच उघडते. पण कराचं वर्ष 31 मार्चला संपतं, म्हणून त्या संध्याकाळी दुकान तासभर आधी बंद करून आम्ही माल मोजणार आहोत. मी फळीवरचं वाचून दाखवेन, काका खरेदीच्या बिलावरचा भाव सांगतील. नवा स्टिकर कालच लागला. तो दुकानाच्या चालू खात्याचा आहे.