थोरल्याचं देणं आणि थोरल्याचा वाटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ताई विड्या वळायची, त्यात घर भागेना म्हणून तुम्ही पंधराव्या वर्षी शाळा सोडून मागावर उभे राहिलात, धाकट्या दोघांना शिकवलंत, बहिणींची लग्नं केलीत. आणि मी लेखात लिहिते की घरच्या वाटणीत थोरल्याला जास्तीचा हक्क नाही. मग थोरलं होऊन मिळवलं काय, असं तुम्ही विचारता. बहिणींच्या लग्नात जो खर्च झाला तोच त्यांचा वाटा, हे तुमचं दुसरं म्हणणं.

थोरल्यांनी काढलेल्या कष्टांवर माझ्या लेखात एक ओळही नव्हती. ते चुकलं. पण थोरल्याला जास्तीचा हक्क नाही, हे वाक्य मात्र मी मागे घेत नाही.

थोरल्याला विसावा भाग आधी काढून द्यावा, असं मनुस्मृतीत आहेच. पण सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं गेलं की बसवकल्याण लागतं ना, तिथं, चालुक्यांच्या राजधानीत, विज्ञानेश्वर नावाच्या शास्त्र्यांनी मिताक्षरा हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. त्यांच्यापुढेही हे वचन होतं. शास्त्रात असलं तरी लोकांना ते खपत नाही, म्हणून तशी कमीजास्त वाटणी करू नये, असं त्यांनी ठरवलं. नऊशे वर्षं होत आली त्याला. सारखी वाटणी ही काही आजकालची टूम नव्हे. राजघराण्यात गादी थोरल्याकडे जायची ते वेगळं. आपली शेतं नि माग म्हणजे गाद्या नव्हेत.

आमच्या घरचं सांगते. बाबा थोरले. आजोबा गेल्यावर दक्षिण सोलापुरातल्या सहा एकरांवर एकट्या बाबांचं नाव लागलं, सोबत 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सगळ्यांच्या वतीनं सांभाळणारा, एवढाच त्याचा अर्थ. मालक नव्हे. बाबा गिरणीतली पाळी करून सुटीला शेतावर जायचे. विहिरीचं कर्ज त्यांनीच फेडलं. पुढे सातबाराचे उतारे संगणकावर आले, त्यात नेमकी ती अक्षरं गळली. काकांनी उतारा पाहिला आणि दोन संक्रांती ते तिळगुळाला आले नाहीत. गड्ड्याच्या जत्रेत समोरासमोर आलो तरी मान वळवून निघून गेले.

बाबांनी ट्रंक उपसली. आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फेरफाराची, म्हणजे नाव लावल्याच्या नोंदीची, नक्कल निघाली, घड्यांवर फाटलेली, शाई तपकिरी पडलेली. ती घेऊन ते स्वतः तलाठ्याकडे गेले आणि काकांचं, आत्याचं नाव लावून घेतलं. आत्याकडे वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र मागितलं नाही. वाटणीला बसलो तेव्हा काकाच म्हणाले, "विहिरीकडचा अर्धा एकर दादाला जास्तीचा लिहा. विहीर त्यानं फेडलीय." आत्यानं मान हलवली. तसं वाटणीपत्रात लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या, नोंदणी झाली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, नुसते ओसरीवर बसून राहिले.

तो अर्धा एकर आधी जन्मल्याबद्दलचा नव्हता, फेडलेल्या कर्जाचा होता. आणि देणाऱ्यांनी तो आपणहून दिला. तुम्हीही फेडलेले हप्ते, बांधलेल्या खोल्या, धाकट्यांच्या फिया, सगळं मांडा. भावंडांसमोर बसून मागा, मागायला लाजू नका. पण कुणाला न विचारता त्यांच्या वाट्यातून वळतं करून घेऊ नका.

लग्नखर्चाचं म्हणाल, तर तुमच्या लग्नालाही खर्च झाला असेलच. तो कुठं तुमच्या वाट्यातून कापला? हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या हिश्श्यात मुलीला १९५६ पासून वारसा आहे, आणि २००५ पासून तर वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्मानंच मुलाइतकी हिस्सेदार आहे. लग्न झालं म्हणून तो हक्क जात नाही.

आणखी एक. तुम्ही मागावर उभे राहण्याआधी घर कुणाच्या विड्यांवर चाललं होतं, ते तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमच्या घरात थोरली ताई आहे. वाटणीच्या बैठकीला तिला बोलावलंय का?