माझ्या धाकट्याला वाचता येतं

आत्ताच व्हीबीएसच्या, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या, प्रॅक्टिसवरून घरी आली. मे महिन्याचं नागपूरचं ऊन, डोकं नुसतं भणभणून राहिलं आहे, पाणीसुद्धा प्यायली नाही आणि आधी हे लिहायला बसली, कारण एकदा शांत झाली की मी लिहीत नाही, दरवेळी माझं तेच होते.

तर झालं असं. रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, व्हीबीएसचा समारोप आहे. आज मुलांना भाग वाटून देत होते, कोणाला गाणं, कोणाला नाटुकलं, कोणाला वचन वाचायला. वचन होतं पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, स्तोत्र २३. माझ्या धाकट्याने हात वर केला. वाटणाऱ्या मावशींनी विचारलं, कितवीत आहेस रे बेटा? तो म्हणाला, मी घरी शिकतो. त्या थांबल्या, बाजूच्या बाईंकडे पाहिलं आणि सगळ्या पोरांसमोर, माझ्यासमोर म्हणाल्या, "अगं, याला वाचता येते का ते तर पाहा आधी, तिथे अडकला तर अख्ख्या मंडळीसमोर फजिती व्हायची." वचन पाचवीतल्या एका मुलीला गेलं आणि माझ्या अकरा वर्षांच्या पोराच्या हातात बॅनरचा दांडा आला. तो गुपचूप धरून उभा राहिला. मी काही बोलली नाही. मी तिथे काहीच बोलली नाही, याचाच राग जास्त येऊन राहिला आहे मला.

आणि ते स्तोत्र २३ होतं. दुसरं कोणतंही वचन असतं नं, तर मी एवढी पेटली नसती.

जुन्या मैत्रिणींना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. कोरोनात दोन वर्षं मोबाईलवर शाळा झाली, मग शाळा उघडली तेव्हा हा दुसरीत. अक्षर अक्षर लावून वाचायचा, जोडाक्षर आलं की थांबायचा. डायरीत लाल पेनने लिहून आलं, "स्लो लर्नर". सात वर्षांचं लेकरू. सकाळी व्हॅनचा हॉर्न ऐकला की पोटात दुखायचं, कधी कधी उलटी व्हायची. मी स्वतः सहा वर्षं शाळेत शिकवलं आहे, मला माहीत आहे पन्नास-पन्नास पोरांच्या वर्गात एकासाठी थांबता येत नाही, मी पण नाही थांबू शकली कधी. पण म्हणून त्याच्या डायरीत असं लिहायचं?

त्याच वर्षी आमच्या आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, नजर गेली. काचबिंदू. मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये छोट्या लाईनीच्या गाड्या दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला तो माणूस, रोज पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचणारा, आता खुर्चीवर पुस्तक मांडीवर घेऊन नुसता बसून राहायचा, पानावरून हात फिरवायचा. मला ते पाहवायचं नाही. मी धाकट्याला म्हटलं, जा, आबांना वाचून दाखव. तो म्हणाला मला येत नाही. आबा म्हणाले, "अरे मले तरी कुठी दिसते? ये, बस, दोघं मिळून वाचू."

आबांनी स्तोत्र २३ काढायला सांगितलं. त्यांना ते तोंडपाठ होतं, पण त्यांनी एकदाही पुढचा शब्द सांगितला नाही. पोरगा अडकला की ते थांबायचे. "परमेश्वर माझा" इथपर्यंत बरं गेलं, मग "मेंढपाळ" आला. मेंढपाळावर आमची ती पूर्ण सकाळ गेली. माझी पोळी जळली कारण मी किचनच्या दारात उभी राहून ऐकत होती. आबा गप्प. हा "में... मेंढ..." आणि आबा हाताने हळूच पुस्तकाला टेकलेले, जणू काही जगात दुसरं काम नाही.

दुसऱ्या दिवशी पुढचं. "मला काही उणे पडणार नाही." हा "उणे"वर थांबला आणि विचारलं, "आबा, उणे म्हणजे मायनस?" मी वजाबाकी मराठीत सांगायची तेव्हा त्याने तो शब्द ऐकलेला. आबा खूप हसले. म्हणाले, "हो रे राजा, मायनसच. देव असला की आपलं काई मायनस होत नाई." आणि तिथूनच गणित सुरू झालं. आबा विचारायचे, छोट्या लाईनीचे दोन रूळ एकमेकांपासून ७६२ मिलिमीटर, मोठ्या लाईनीचे १६७६, सांग १६७६ उणे ७६२ किती? हा जमिनीवर खडूने मांडायचा. ९१४. मग स्केल घेऊन ९१४ मिलिमीटर म्हणजे केवढं ते घरभर मोजत फिरला, पलंगापासून, दारापासून. जो पोरगा शाळेत वजाबाकीला रडायचा तो!

त्या वर्षीच्या शेवटी आम्ही धाकट्याला आणि मोठीला, दोघांनाही शाळेतून काढलं. ह्यांची मिहानमध्ये नोकरी, मी घरी, दोघांनी महिनाभर प्रार्थना केली, भांडलो पण खूप, आणि मग ठरवलं.

तेव्हापासून ऐकून राहिली आहे मी. सगळ्यात जास्त दुखतं ते आपल्याच लोकांचं. बाहेरचे विचारतात ते न समजून विचारतात, त्यांना समजावून सांगता येतं. आपले म्हणतात, "मिशनऱ्यांनी आपल्यासाठी शाळा काढल्या, तुम्ही ख्रिस्ती असून पोरांना शाळेतून काढता?" अहो, मिशनरी हिस्लॉप साहेब १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे, आमच्या घरातल्या तीन पिढ्या तिथे शिकल्या, माझ्याइतकी कृतज्ञ कोण असेल. पण तेच हिस्लॉप साहेब सुट्टी मिळाली की दगड गोळा करत हिंडायचे हे कोणी का सांगत नाही? कामठीकडच्या वाळूच्या दगडात पानांचे ठसे सापडतात, ग्लॉसोप्टेरिस, पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाची पानं, ते आपल्या सोबतच्या मिशनरी हंटर साहेबांसोबत हे सगळं शोधत फिरले. १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना रात्री पूर आलेल्या नाल्यात वाहून गेले. मी पोरांना काटोल रोडवर जुनापाणीची तशीच दगडी वर्तुळं दाखवायला नेलं आणि तिथे बसून ही गोष्ट सांगितली. धाकट्याने विचारलं, घोड्यावर होते तर घोडा वाचला का? त्याला मी काय सांगणार. पण घरी येऊन त्याने एक पान लिहिलं, स्वतः, न सांगता. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या म्युझियममध्ये, तर आम्ही इतक्या वेळा गेलो की आता कोणती मूर्ती कुठे आहे हे पोरं मला सांगतात.

आणि पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या प्रत्येक महिला मेळाव्यात घेता नं तुम्ही? गंगामूळच्या जंगलात वाढलेली पोर ती. वडिलांनी आईला शिकवलं आणि आईने पहाटे उठवून तिला संस्कृत शिकवलं. विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं तिला. नंतर हिब्रू, ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. ती कितवीत होती? कोणी विचारलं असतं, तर तिने काय सांगितलं असतं?

(हो, मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन तिनेच काढलं, माहीत आहे मला, कमेंटमध्ये कोणी सांगू नका.)

मग ते "पोरं चार लोकांत मिसळतील कशी". हे ऐकलं की माझं डोकं फिरते. माझा पोरगा नव्वदीच्या आसपासच्या म्हाताऱ्यासोबत दीड वर्षं रोज सकाळी बसला. रोज. आबांची औषधं तो द्यायचा, डोळ्यात थेंब टाकायचा, चष्मा उपयोगाचा नव्हता तरी पुसून द्यायचा कारण आबांना सवय होती. कॉलनीतल्या भाजीवाल्या काकांशी तो हिशोब करतो, मंडळीतल्या आजीबाईंना रिक्षात बसवून देतो, संध्याकाळी क्रिकेट खेळून गुडघे फोडून येतो. हे मिसळणं नाही काय? आणि एकाच वयाच्या पन्नास पोरांसोबत सहा तास बसवलं की ते मिसळणं? आमचं पोरगं उलटी करत व्हॅनमध्ये चढायचं तेव्हा कोणी विचारलं नाही, बाई याचं मन कसं आहे.

कायद्याचंही सांगतात काही जण. २००९ चा आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, मी वाचला आहे, कलम १० मध्ये आईबापाने सहा ते चौदाच्या मुलाला शाळेत घालावं असं आहे, आहे, मान्य. पण न घालणाऱ्याला दंड कुठे नाही, आणि चौदा पूर्ण झाले की ओपन स्कूलची दहावी आहे, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. आपल्या मंडळीतले कितीतरी जण सतरा नंबरवर दहावी होऊन आज रेल्वेत, बँकेत बसले आहेत, त्यांना कोणी विचारत नाही.

आता हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी दोघं कामाला जातात त्यांनी काय करावं? जमत नाही, खरं आहे. आम्हाला पण एका पगारात ओढून ताणून जमते.

मध्ये उठून कणीक मळून आली. आता थोडं शांत वाटून राहिलं आहे.

आमचा दिवस कसा असतो ते कोणी कधी विचारलंच नाही, फक्त "टाइमटेबल काय" विचारतात. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला उठतो कारण दहानंतर काही सुचत नाही. आधी कूलरमध्ये पाणी, मग प्रार्थना, मग मराठी आणि गणित डायनिंग टेबलवर. टेबलच्या एका बाजूला भाजी निवडणं आणि दुसऱ्या बाजूला अपूर्णांक. पवित्र शास्त्रात अनुवाद नावाचं पुस्तक आहे, त्याच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे नं, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत जा, मी आधी ते वचन म्हणून ऐकायची, आता ते आमचं टाइमटेबल आहे. दुपारी पोरं झोपतात किंवा वाचतात. रात्री जेवणानंतर सगळे मिळून प्रार्थना, एकेक दिवस एकेकाची वाचायची पाळी. चांगलं चित्र दिसते नं लिहिलेलं? रोज असं नसतं. मी ओरडते. एकदा वही फेकली होती मी, धाकट्याच्या समोर, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. आबा असते तर थांबले असते. माझ्याच्याने होत नाही त्यांच्यासारखं थांबणं.

दीडशे स्तोत्रं पूर्ण वाचली दोघांनी. ११९वं, १७६ ओव्यांचं, त्याला पंधरा दिवस लागले, आणि ११७वं, दोनच ओव्या, ते आलं त्या दिवशी हा नाचला होता. १५०वं झालं आणि आबा म्हणाले आता पुन्हा २३. त्या पावसाळ्यात आबा गेले. शेवटच्या आठवड्यात ते बोलत नव्हते. हा उशाशी बसून वाचायचा, भराभर, कुठेही न अडकता, आणि मेंढपाळाशी आला की स्वतःहून थांबायचा. मी म्हटलं, येते नं तुला आता, मग थांबतोस काहून? म्हणाला, "आबांना तिथे थांबायची सवय आहे."

तेच वचन होतं आज, मावशी. तुम्हाला माहीत नव्हतं, तुमची काय चूक म्हणा. पण विचारायचं तरी होतं. एक ओळ वाचायला लावायची होती.

आणखी एक गोष्ट, कारण अर्धं सांगून अर्धं लपवणं मला जमत नाही. मोठी तेरा वर्षांची आहे आणि तिला शाळेत जायचं आहे. दोन महिन्यांपूर्वी सांगितलं तिने, मला मैत्रिणी हव्या आहेत मम्मी, डबा वाटून खायचा आहे. मी त्या दिवशी खूप चिडली, माझी एवढी वर्षं पाण्यात गेली असं काहीतरी बोलली तिला, बोलायला नको होतं. हे म्हणाले, तू धाकट्याचं ऐकून त्याला काढलं नं, मग हिचं ऐक. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलली नाही. मग फॉर्म आणला. वयाप्रमाणे वर्गात घ्या असं त्याच आरटीईच्या कलम ४ मध्ये आहे, आठवीत बसेल ती. जूनच्या शेवटी आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या की जाईल. मी सायकल पाहून ठेवली आहे तिच्यासाठी. तिच्या जाण्याने मी चुकली असं ज्यांना म्हणायचं आहे ते म्हणणारच. म्हणू दे. तिला आठवीचं गणित येते आणि उपासनेत हार्मोनियम वाजवते, हे घेऊन ती जाणार आहे.

रविवारी काय करायचं ते अजून ठरलं नाही. ह्यांचं म्हणणं की मंडळीत वाद नको. मला वाटते उद्या मावशींना फोन करावा, भांडायला नाही, फक्त सांगायला की पोराला एकदा घरी ऐका. धाकट्याला विचारलं, तुला वाईट वाटलं का रे, तर म्हणाला, "बॅनर जड होता मम्मी, दुसऱ्या बाजूचा मुलगा नीट धरत नव्हता." एवढंच. मग आबांच्या खुर्चीत जाऊन बसला.

आज वाचायची पाळी त्याचीच आहे. पानं झाली, ताटं उचलली, सगळे बसले आहेत माझी वाट पाहत. कोणतं वाचतोस विचारलं, तर म्हणतो ११७, झोप आली आहे.