आधी फी भरा, मग मदत मागा

डोकं फिरलंय अक्षरशः. धाकट्या भावाला सीईटीतून पुण्यातल्या एका लॉ कॉलेजात पाच वर्षांच्या कोर्सला सीट लागली. घरात पेढे वाटायचे सोडून आम्ही फाइल काखेत मारून सेतू, तहसील, बँक, कॉलेज असे वणवण फिरतोय.

योजना नाहीत असं मी म्हणत नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, की निम्मी ट्युशन फी सरकार भरतं. ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींची तर २०२४-२५ पासून पूर्ण. चांगलीच योजना आहे. पण तो पैसा येतो कधी? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, तो आधी कॉलेजच्या लॉगिनला पडून राहणार, मग सरकारी खात्याच्या. मधेच कधीतरी ‘सेंट बॅक’, कारण उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन नीट दिसत नाही. पुन्हा अपलोड, पुन्हा रांगेत शेवटी. आणि कॉलेजच्या खिडकीत मात्र आजच उत्तर तयार असतं: “पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत मिळेल.” अहो, पूर्ण फी एकरकमी भरता आली असती तर आम्ही स्कॉलरशिप मागायला आलो असतो कशाला? सीट कन्फर्म करायची मुदत चार दिवसांची आणि मदत येणार वर्ष सरता सरता. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच ही मदत परवडते!

बाबा भोसरीत कंपनीत आहेत, कॉन्ट्रॅक्टवर. ते म्हणाले, लोन काढू. गेलो बँकेत. साहेबांनी कागद बघायच्या आधी विचारलं, “घर कुणाच्या नावावर आहे?” भाड्याचं आहे म्हटल्यावर, “मग एखादी एफडी ठेवता का?” आम्हाला हवेत ४ लाखांच्या आत. तेवढ्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या योजनेत तेवढ्याला मार्जिनसुद्धा नाही, म्हणजे खिशातून वाटा घालावा लागत नाही. मी हे सांगितल्यावर म्हणे, “मॅडम, इंजिनिअरिंग असतं तर बघितलं असतं. लॉला प्लेसमेंट काय असते?” माझे बाबा तिथे समोर बसून हे ऐकत होते. दुसऱ्याच्या बापासमोर असं बोलायची यांना लाज कशी वाटत नाही?

नंतर सूर बदलला, तर म्हणे फीची पावती आणि बोनाफाइड आणा, मग फाइल पुढे पाठवतो. कॉलेज म्हणतं फी भरल्याशिवाय बोनाफाइड नाही. आता सांगा, कुणाच्या दारात जायचं? शेवटी आत्याने पोस्टातली ठेव मोडली, म्हणून फी भरता आली. ज्यांना अशी आत्या नाही त्या पोरांच्या सीटचं काय होतं? ती रिकामी होते आणि पुढच्या राउंडला दुसऱ्याला जाते.

बरं, कर्ज मिळालंच तरी कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत राहतं. आणि हा मुलगा पाच वर्षांनी शिवाजीनगर कोर्टात ज्युनिअर म्हणून उभा राहणार. शहरातल्या ज्युनिअरला महिना २०,००० द्या असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, २०२४ मध्ये सुचवलं, पण ती नुसती शिफारस आहे, सक्ती नाही. वकिलीची सनद देताना राज्यांच्या बार कौन्सिल भरमसाट फी उकळायच्या, ते त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने थांबवलं. कायद्यात ७५० रुपये लिहिलेत, खुल्या वर्गाकडून त्याहून जास्त घ्यायचे नाहीत. हे पटकन कळलं कोर्टाला. मग फीच्या खिडकीवर जे चाललंय ते कुणाला का दिसत नाही?

राज्यघटनेच्या ३९ अ कलमात लिहिलंय की पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये. ते कलम शिकायला आलेल्या पोरालाच पैशाअभावी दारात थांबवताय तुम्ही.

शिष्यवृत्तीला पात्र मुलाकडून फक्त त्याच्या वाट्याची फी घ्या, उरलेली सरकारकडून वसूल करा. बँकेला कर्ज द्यायचं नसेल तर कारण कागदावर लिहून द्या, तोंडी टोलवू नका. सोमवारी मी परत त्या शाखेत जाणार आहे. एकतर मंजुरी, नाहीतर सही-शिक्क्याचा लेखी नकार. तो हातात आल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही, आणि नकार आला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करणार, तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.