फोन करा, पैसे आमचे

आधी एक काम करा. मोबाइल हातात घ्या आणि गेल्या आठ दिवसांत आलेल्या फोनांची यादी सरकवत बघा. कर्ज देणारा. क्रेडिट कार्ड देणारी. ‘अंकल, पार्सल है, नीचे आ जाओ.’ सुपर कॉरिडॉरवर प्लॉट विकणारा. पुन्हा कर्ज देणारा. मग १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची रांग. पुण्याचा भाचा? नाही. बंगळूरचा मुलगा? आहे की. रविवारी, दोन मिनिटं एकोणीस सेकंद. त्यातलंही दीड मिनिट आई कुठे आहे आणि पूजेवरून कधी उठेल, या चौकशीत गेलेलं.

मुलं बिझी असतात, असं म्हणून तुम्ही मनाची समजूत घालत असाल. घालू नका. मुलांचा काही दोष नाही, दोष तुमच्या नंबरात आहे. टूथपेस्टच्या खोक्यावर १८०० चा टोल-फ्री नंबर असतो. गिझरवर असतो, पिठाच्या थैलीवर असतो. आणि तुम्ही? तिलकनगरात स्वतःचं घर, दोन मुलांची लग्नं उरकलेली, एक बायपास झालेली, आणि नंबर मात्र भाजीवाल्या भियाचा असतो तसलाच, दहा आकडी. जे इंदूर २०१७ पासून स्वच्छतेतला पहिला नंबर गळ्यात घालून मिरवतं, त्या शहरात राहून तुम्हाला एक धड नंबर नसावा?

मी घेतला. तुम्हीही घ्या.

टोल-फ्री नंबर हा खरं म्हणजे नंबर नव्हेच. त्याला ना सिम, ना तार. कुणी १८०० लावला की एक्स्चेंजमधला संगणक आपल्या चोपडीत बघतो, हा पाहुणा आज कुणाच्या दाराशी नेऊन सोडायचा, आणि तिकडे ढकलतो. बिल ढकलणाऱ्याला नाही, दाबणाऱ्याला नाही, ज्याच्या दारात पाहुणा गेला त्याला. अमेरिकेत ही सोय १९६७ साली एटी अँड टीने आणली, ती धंदेवाल्यांसाठी. पुढे तिकडच्या कंपन्यांनी ती घरोघरी विकली. मुलगी लांबच्या कॉलेजात गेली की आईबापांनी आपला एक ८०० नंबर घ्यायचा, म्हणजे घरी फोन करायला पोरीला खिसे चाचपायला नकोत. ८०० चे नंबर असे संपत आले की १९९६ साली ८८८ उघडावे लागले. बघा, स्वतः पैसे भरून मुलांचे फोन मागवणं ही प्रगत देशातली रीत आहे. आपण उगीच खजराण्याच्या गणपतीला नवस बोलत बसतो.

तसं फॉरवर्डिंग आपल्याला काही नवं नाही. आमच्या लहानपणी रामबागेतल्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं आणि फोन एक, वाड्याच्या मालकांकडे. तो नंबर अकराही घरांनी आपापल्या लग्नपत्रिकांवर छापलेला, पुढे कंसात पी.पी. म्हणजे नंबर यांचा, माणूस आमचा. नागपूरहून ट्रंक कॉल आला की मालकांचा नातू गॅलरीत येऊन ओरडे, ‘वरच्या काकूऽऽ, नागपूऽऽर!’ एवढ्यावर फॉरवर्डिंग झालं. काकू पिठाचे हात पदराला पुसत जिना उतरायच्या, तिकडे मिनिटं पळत असायची, आणि तेवढ्या वेळात मालकीणबाई नागपूरची सगळी खबर काढून ठेवायच्या. काकू रिसीव्हर कानाला लावेपर्यंत वाड्याला कळलेलं असे की दिवस गेलेत. ‘आपला संवाद प्रशिक्षणासाठी ध्वनिमुद्रित केला जाऊ शकतो’ ही सूचना हल्ली देतात. तेव्हा द्यावी लागत नसे, उरलेली दहा बिऱ्हाडं ते काम न सांगता करत. आणि भाडं? संक्रांतीला मूठभर जास्त तिळगूळ आणि कधी तरी वाटीभर कोथिंबिरीची चटणी.

मग मोबाइल आले. २००३ च्या मे महिन्यापर्यंत आलेल्या फोनालाही आपल्याच खिशातून पैसे जात, म्हणजे तेव्हा तुम्ही आम्ही सगळे अर्धे टोल-फ्री होतोच, फक्त त्याचा तोरा मिरवायचं कुणाला सुचलं नाही. इनकमिंग फुकट झालं तसा मिस्ड कॉल आला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे स्टेशनवर या, तीन म्हणजे काकांची तब्येत जास्त आहे, तुम्ही लावा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि बोलणंच फुकट झालं. त्या दिवसापासून ‘पैसे उठतात हो’ हे कारण गेलं. मागोमाग फोनही गेले.

‘सगळ्यांचेच फोन फुकट आहेत, मग तुमच्या फुकटाला कोण विचारतो?’ हे माझ्या बायकोचं म्हणणं. बायकांना अर्थशास्त्रातली खोच कळत नाही. मुलाचा फोन फुकट असतो तो त्याच्या पॅकमुळे. त्यात बापाचा काय उपकार? टोल-फ्रीवर त्याने दहा मिनिटं बोललं की बापाचे दहा मिनिटांचे पैसे गेले, हे त्याला प्रत्येक ‘हॅलो’ला कळायला हवं. आपल्याकडे पैसे खर्च करण्यापेक्षा, ते आपण करतोय हे दुसऱ्याला कळण्यात जास्त समाधान असतं. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव ठळक का लिहितात?

फक्त १८६० च्या फंदात पडू नका. तो दिसतो १८०० च्या सख्ख्या भावासारखा, पण त्यात फोन करणाऱ्यालाच पैसे पडतात, आणि ते अनलिमिटेड पॅकातही बहुधा धरत नाहीत. सासरच्या मंडळींसाठी वेगळा नंबर घ्यायचा झाला तर मात्र विचार करा.

आता कागदपत्रं. नंबर विकणाऱ्या कंपनीतला मुलगा गोड होता.

‘सर, फर्म का नाम?’

फर्म नाही रे, घर आहे.

‘घर को नहीं मिलता, सर. कुछ तो काम होगा?’

काम म्हणजे वाट बघणं, पण तो रकाना त्याच्या फॉर्मात नव्हता. शेवटी मला आठवलं की आमच्या वडिलांनी कर वाचवायला हिंदू अविभक्त कुटुंबाचं वेगळं पॅन कार्ड काढून ठेवलं होतं. ते कपाटातून काढलं. मुलगा बंगळूरला, मुलगी न्यू जर्सीला, पुतणे पुण्यात फ्लॅटवरून कोर्टात, आणि कार्डावर कर्ता म्हणून मी, कुटुंब अविभक्त. मुलाला कार्ड एकदम पसंत पडलं. धंदा काय लिहू, म्हणाला. ‘सल्ला’ लिही म्हटलं. तुमच्या घरीही ही पूंजी पडलेली असेलच.

नंबर निवडताना घाई करू नका. कीपॅडवर आकड्यांच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात, आणि अमेरिकेत फुलवाले वगैरे त्यातून आपलं नाव बसवतात. मी इंदूरला शोभेल असं ‘पोहा’ बसवलं, म्हणजे शेवटी ७६४२. बायको म्हणाली, ‘पोहा काय? आपण मराठी माणसं. पोहे म्हणा, अनेकवचन आहे.’ पोहे म्हणजे ७६४३. घरात दोन दिवस व्याकरणावरून अबोला. रामबागेतला मराठी माणूस छप्पन दुकानवर उभा राहिला की आपोआप ‘एक प्लेट पोहा’ म्हणतो आणि घरात शिरताच पोहे करा म्हणतो, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. अखेर त्या गोड मुलानेच भांडण मिटवलं. ७६४२ आधीच गेलेला होता, कुणा मिक्सरवाल्यांकडे. पोहे घेतले. हा आकडा लक्षात ठेवा.

स्वागताचा आवाज घरचाच ठेवा. मी बायकोचा ठेवला. तीन वेळा रेकॉर्ड केला, तिन्ही वेळा मागे कुकरची शिट्टी आली, तिसरी राहू दिली. ‘नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ हे वाक्य देशभर दिवसरात्र ऐकवलं जातं. खऱ्या अर्थाने ते एका आमच्याच घरातून गेलं असेल. ‘मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन.’ मग, ‘आईशी बोलायचं असल्यास एक, बाबांशी दोन, काही तक्रार असल्यास तीन.’ तीन कुणाकडे जातो? माझ्याकडेच. हे गुपित ठेवा, नाहीतर तक्रार कुणी करत नाही.

फॉरवर्डिंगचं वेळापत्रकही लावता येतं. सकाळी सहा ते आठ फोन माझ्या मोबाइलवर, कारण तेव्हा मी पिपल्यापाल्याच्या बागेत चालत असतो आणि चारचौघांदेखत १८०० वाजलेला बरा दिसतो. दुपारी एक ते चार बायकोकडे, कारण मी झोपतो. रात्री दहानंतर परत माझ्याकडे. थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत एका हातात तळलेल्या गराडूचा दोना, वर जिरावण मसाला, आणि दुसऱ्या हाताने ‘येस, कुटुंब बोलतंय’ म्हणण्यातली ऐट दहा आकडी माणसाला कळायची नाही.

हे सगळं आपल्या मर्जीने करायचं मात्र. कुणी फोनवर सांगितलं की कीपॅडवरची चांदणी (*)-४०१ आणि पुढे अमुक नंबर दाबा, नेटवर्क सुधारेल, तर दाबू नका. त्याने तुमचे सगळे फोन त्या भल्या माणसाकडे वळतात, बँकेचा ओटीपी सांगणारा फोनसुद्धा. लोकांनी इतक्या विश्वासाने दाबलं की दूरसंचार विभागाला १५ एप्रिल २०२४ पासून ही चांदणीवाली सोयच बंद ठेवायला लावावी लागली. तुमच्या फोनाची वाट बघणारं कुणीच नाही असं आता म्हणू नका.

अमेरिकेतल्या लेकीला मी नंबर कौतुकाने पाठवला. ‘बाबा, इथून लागत नाही.’ आपला १८०० देशाबाहेरून सहसा लागत नाही, ही माहिती जाहिरातीत होती, पण पोह्याच्या दाण्याएवढ्या अक्षरात. देशोदेशी चालणारा ८०० चा आंतरराष्ट्रीय नंबरही मिळतो म्हणे. त्याचं भाडं मी विचारलं आणि मग तिला व्हॉट्सॲपवर फुलं पाठवली.

पहिल्या महिन्याचा हिशेब तुमच्यापासून लपवत नाही. कंपनी सगळं पडद्यावर दाखवते, कोण आलं, काय दाबलं, कुठे कंटाळून ठेवला. एकूण त्रेचाळीस कॉल. त्यातले नऊ माझेच, चालतोय का बघायला. एक मुलाचा. त्याने एक दाबला. दोन कुणीच दाबला नव्हता. उरलेले तेहतीस तीनवर, म्हणजे तक्रार. मी हरखलो. एवढ्या लोकांना माझ्याविषयी काही म्हणायचं होतं! फोन घेतले तर सगळे मिक्सरचे. मंडळी पोहाच्या ऐवजी पोहे दाबत होती. आणि फॉरवर्ड केलेल्या फोनाचं बिल दुहेरी असतं, आत येण्याचं वेगळं, पुढे ढकलण्याचं वेगळं, आणि मिनिटाच्या वर एक सेकंद गेला की पुढचं मिनिट पूर्ण.

सुरुवातीला मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवत होतो. मग एकदा दुपारी, बायको भिशीला गेली होती म्हणून वेळापत्रक बदललेलं, देवासहून एका मावशींचा फोन आला. मराठीसाठी एक दाबून, तक्रारीसाठी तीन दाबून.

‘भाऊ, डाळ वाटता वाटता बंदच पडला हो. पाहुणे येऊन राहिलेत संध्याकाळी.’

मी म्हणणार होतो की राँग नंबर. म्हटलं, ‘गरम झालाय का?’

‘हात लावला तर चटका बसतो.’

‘प्लग काढा. पंधरा मिनिटं पंख्याखाली ठेवा. मग उलटा करा, बुडाशी एक लाल बटण असेल, बाहेर आलेलं. ते आत दाबा. आणि डाळ थोडी थोडी घाला.’

‘तोवर धरून ठेवू का फोन?’

‘धरा.’

पंधरा मिनिटं धरला. तेवढ्यात त्यांनी सांगितलं की लग्नाआधी त्या इंदूरला नंदलालपुऱ्यात होत्या, पाहुणे म्हणजे मुलगा, तीन वर्षांनी येतोय, त्याला डाळवडे लागतात, सुनेला चालतात का माहीत नाही. मग बटण दाबल्याचा ‘टक्’ ऐकू आला, आणि पाठोपाठ घरघर. दोघंही जरा वेळ ती घरघरच ऐकत राहिलो.

‘चालला! भाऊ, तुमच्या कंपनीची माणसं फार चांगली आहेत. आता काही अडलं तर तुम्हालाच लावते. फुकटच आहे ना हो हा नंबर?’

‘अगदी फुकट,’ मी म्हणालो.